मंत्रिमहोदय, निपाणीच्या बाजारात एकदा पावसात या

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

मी निपाणीच्या आठवडी बाजारात मिरची विकतो. ब्याडगी, संकेश्वरी, थोडी लवंगी. त्याच जागेवर आधी वडील बसायचे. मागच्या निवडणुकीआधी आपण आला होता. माझ्या पोत्यांसमोर आपल्याला ठसका लागला, मीच पाणी दिलं. पाणी पिऊन आपण म्हणालात, "पुढच्या पावसाळ्याच्या आत इथं पत्रे पडतील." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

पत्रे पडले नाहीत. पाऊस मात्र वेळेवर पडला.

परवाच्या बाजारात दहा मिनिटांत गटार वर आलं. ताडपत्री वरून धरायची की पोती खालून उचलायची? माणसाला हात दोनच. दोन पोती ब्याडगी भिजली, पंधरा-सोळा हजारांचा माल. शेजारी खेड्यातली एक म्हातारी कोथिंबिरीच्या पेंढ्या पदराखाली घेऊन बसली होती. तिच्या पेंढ्या वाहत पार रस्त्यापर्यंत गेल्या. उघड्यावर बसणारे आम्ही तीनशे तरी असू. मोजले नाहीत, पण बाजार कर घेणाऱ्याला आकडा पक्का माहीत असणार, कारण त्याच चिखलातून तो पँट दुमडून आला आणि एकालाही न चुकता पावती फाडून गेला. जागेचं भाडं म्हणे. कुठली जागा? पाण्याखाली होती ती!

पावती कन्नडमध्ये. कन्नडशी माझं भांडण नाही. चिक्कोडीकडचं गिऱ्हाईक आलं की भाव मी कन्नडातच सांगतो, घासाघीसही कन्नडातच. पण वाचता येत नाही. कशाचे पैसे दिले हे चौथीतल्या नातीकडून वाचून घ्यावं लागतं. तिनं विचारलं, "आजोबा, सौकर्य म्हणजे सोय ना? कुठली सोय?"

आता विषय निघालाच आहे तर बोलतो. 1956 साली निपाणी कर्नाटकात (तेव्हाच्या म्हैसूर राज्यात) घातली, आम्हाला कोणी विचारलं नाही. 1967 मध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगानं निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हणून लिहिलं, ते कागदावरच राहिलं. 2004 पासून सुप्रीम कोर्टात तारखा. इकडचे, कर्नाटकातले, आम्हाला तिकडचे समजतात आणि तिकडच्यांना, महाराष्ट्रातल्यांना, आमची आठवण 1 नोव्हेंबरला सीमाभागाचा काळा दिवस आला की होते. देवचंद कॉलेजला जाणारी आमची पोरं रोज राज्याची हद्द ओलांडतात, त्यांना कोणी अडवत नाही. फाईल मात्र एका टेबलावरून दुसऱ्यावर जाताना दमते.

माझी आई विड्या वळायची. सूप मांडीवर, हजार विड्या झाल्याशिवाय पाठ सरळ नाही, आणि संध्याकाळी कारखानदाराचा माणूस मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला काढायचा, मजुरी कापायचा. ती छाट पुढं कुठं जायची, हे आईला कधी कळलं नाही. तंबाखूच्या वखारींवर या गावात बंगले उभे राहिले, सरकारांनी कर नेला. 1981 मध्ये तंबाखूला भाव मागायला शेतकरी हायवेवर बसले, तर गोळ्या मिळाल्या. बारा माणसं गेली. तेव्हा मी पोरगा होतो. आज तिथं आंदोलननगर आहे. नाव द्यायला पैसे पडत नाहीत.

तुम्ही म्हणाल, दोन पोत्यांसाठी एवढं रामायण? होय. तुमच्या ताफ्यात गाड्या किती होत्या? मी चौदा मोजल्या, कदाचित सोळा असतील. त्यातल्या एकीच्या डिझेलात माझ्या डोक्यावर चार पत्रे आले असते.

मागणी एकच आहे: पत्रे घाला, आणि ते होईपर्यंत कर घेऊ नका. गटाराचं नंतर बघू, तेवढी घाई आम्हाला कधीच नव्हती.

भिजलेली मिरची घराच्या गच्चीवर पसरली आहे. काळी पडायला लागली, खाट येतोय, अख्खी गल्ली शिंकतेय. पुढच्या बाजारापर्यंत वाळली तर वाळली. कराची पावती वाळवून ठेवली आहे, आपण आलात की दाखवतो.

आपला,
निपाणीचा एक मिरचीवाला