३०८ कुठे झीरो करायची?

पिट्सबर्ग,
१२ ऑक्टोबर

प्रिय संज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. हरणाच्या शिकारीसाठी तुझी ३०८ रायफल तीनशे यार्डांवर झीरो करू की शंभरावर, म्हणजे नेम आणि गोळी नेमक्या कोणत्या अंतरावर जुळवू, एवढाच तुझा प्रश्न. पण फोनवर सांगत बसलो असतो तर तुझ्या वहिनीने जेवण झाकून ठेवलं असतं. म्हणून लिहितोच. माझं मत आधी: दोन्ही नको, दोनशेवर कर. त्यासाठी दोनशे यार्डांची रेंज शोधत फिरायलाही नको, ते पुढे येतंच.

तुझा तो शेजारी म्हणतो, तीनशेवर लाव आणि मग कुठेही मार. ऐकायला झकास आहे. पण गोळी काय करते ते बघ. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली पडायला लागते. ती आधी वर चढते असं जे म्हणतात, ते खरं तर नळीच किंचित वर रोखलेली असते म्हणून. तुझा स्कोप नळीच्या मध्यापासून साधारण दीड इंच वर बसलाय. नजरेची रेषा सरळ आणि गोळीची वाट वाकडी, त्यामुळे गोळी ती रेषा दोनदा ओलांडते: एकदा जवळच, वर जाताना आणि एकदा लांब, खाली येताना. लांबची जागा म्हणजे तुझा झीरो. ती जितकी पुढे ढकलशील, तितकी मधल्या टप्प्यात गोळी उंच जाणार. फुकट काहीच मिळत नाही.

आता तुझंच काडतूस घे, १५० ग्रेन वजनाच्या गोळीचं, सेकंदाला २८२० फूट वेगाचं. तीनशेवर झीरो केलंस तर शंभरावर गोळी जवळजवळ पाच इंच वर आणि दीडशेवर सहा इंच वर जाते. हरणाच्या छातीत हृदय-फुप्फुसांची जागा धर आठ इंचांची. मध्यावर नेम धरलास तर तुला वर चार आणि खाली चार इंच मोकळीक. सहा इंच वर गेलेली गोळी एक तर पाठीवरून निसटेल, नाही तर वरच्या मांसात शिरेल, आणि मग ते जनावर रात्रभर रानात फिरेल. पेन्सिल्वेनियातल्या टायोगा काउंटीच्या त्या ओक-हेमलॉकच्या झाडीत तुला हरीण दिसणार ते बहुतेक वेळा दीडशेच्या आत. म्हणजे जिथे खरोखर गोळी झाडायचीय, नेमकी तिथेच तुझी रायफल सगळ्यात जास्त खोटं बोलणार. कशाला?

शंभरावर झीरो करणारे बरेच आहेत आणि ते अडाणी नाहीत. रेंजवर तपासायला सोपं, पन्नासवर जवळजवळ नेमावरच, दीडशेवर सव्वा इंच खाली. तू निव्वळ झाडीतच बसणार असतास तर मीही हेच म्हटलं असतं. पण तुझ्या जमिनीला लागून गॅसच्या पाइपलाइनची ती लांबलचक उघडी पट्टी आहे. तिथे सूर्य कलला की हरणं बाहेर येतात आणि दोनशे यार्ड आरामात दिसतं. शंभराच्या झीरोवर तिथे गोळी चार इंच खाली पडते. मग तू विचार करणार: हे दीडशे की दोनशे? किती वर धरू? आणि छाती धडधडत असताना, बोटं गारठलेली असताना केलेल्या हिशेबावर माझा काडीचा विश्वास नाही. तुझ्या तर नाहीच नाही. अकरावीत स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला तुझे हात कसे थरथरत होते ते मी मागच्या बाकावरून बघितलंय.

दोनशेचं बघ आता. पन्नासवर गोळी इंचाहून थोडी कमी वर. शंभरावर दोन इंच वर. दीडशेवर पावणेदोन. दोनशेवर बरोबर. अडीचशेवर साधारण चार इंच खाली. म्हणजे पायापाशी उभं असो की अडीचशेवर, मध्यावर नेम धर आणि ट्रिगर हलकेच दाब, आकडेमोड नाही. तीनशेवर मात्र गोळी नऊ इंच खाली जाते. तिथे मारूच नकोस. दुर्बिणीतून बघ, चहा पी, हरीण जवळ येण्याची वाट बघ.

फौजेतही हीच युक्ती आहे. जुन्या नंबर चार ली-एनफिल्डच्या साध्या उलटवायच्या साइटला, म्हणजे नेम धरायच्या पट्टीला, दोनच भोकं असायची, ३०० आणि ६०० यार्डांची. एके-४७च्या साइटपट्टीवर मागे एक रशियन अक्षर कोरलेलं असतं, ते साधारण तीनशे मीटरचं. शिपायाने अंतर मोजत बसू नये म्हणून. तुझा शेजारी म्हणेल, मग बघ, तिथेही तीनशेच! पण त्यांचं लक्ष्य उभा माणूस, आणि कमरेत लागली काय, खांद्यात लागली काय, फौजेचं काम होतं. आपलं होत नाही. आपल्याला एका गोळीत, न तडफडवता काम करायचंय. मोकळीक लहान, म्हणून झीरोही जवळ.

कोल्हापुरात आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण एनसीसीत पॉइंट टू-टूला, त्या छोट्या रायफलला, पंचवीस यार्ड ठरलेले. तेजस्विनी सावंत २०१०ला म्युनिकमध्ये जागतिक विजेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं, दोघांचंही टार्गेट पन्नास मीटरवर. अंतर नियमाने ठरवून दिलेलं. रानात नियम हरीण ठरवतं. आणि न्यू जर्सीत होतास तेव्हा तर हरणासाठी सेंटरफायर, म्हणजे ३०८ सारखी, रायफल चालतच नव्हती, शॉटगन घेऊन साठ-सत्तर यार्डांच्या गप्पा. म्हणून हे सगळं तुला आत्ता नवीन.

आता करायचं कसं. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा मागचा दांडा, काढून ठेव. रायफल वाळूच्या पिशव्यांवर अशी बसव की हलता कामा नये. पुढची पिशवी फोरएंडखाली, म्हणजे नळीच्या खालच्या लाकडी भागाखाली, थेट नळीखाली नाही. नळी टेकवलीस तर गोळी दुसरीकडेच जाईल. पंचवीस यार्डांवर, म्हणजे आपल्या खेळपट्टीहून तीन यार्ड जास्त, टार्गेट लाव. मागून नळीच्या आरपार बघ. काळा गोल नळीच्या बरोबर मधोमध आला की रायफलला हात न लावता स्कोपच्या टोप्या फिरवून क्रॉसहेअर, म्हणजे आतली फुली, त्याच गोलावर आण. मग बोल्ट घाल आणि मार. तुझ्या स्कोपचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच, म्हणजे पंचवीसवर त्याच्याही चौथाई. पंचवीसवर एक इंच हलवायचं तर सोळा क्लिक. गोंधळ इथेच होतो, लोक चार क्लिक फिरवतात आणि स्कोपला शिव्या घालतात.

पंचवीसवर गोळी क्रॉसवर पडायला लागली की दोनशेच्या झीरोच्या आसपास आलास, कारण पहिलं ओलांडणं जवळपास तिथेच होतं. पण तिथे थांबू नकोस. पंचवीसवरची अर्ध्या इंचाची चूक शंभरावर दोन इंच आणि दोनशेवर चार होते. म्हणून शंभरावर जा आणि तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मार, मध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांब. एका गोळीवर टोपी फिरवायची नाही, ग्रुपच्या मध्यावर फिरवायची. तो मध्य बुलच्या, म्हणजे टार्गेटच्या मध्याच्या, बरोबर दोन इंच वर आला की दोनशेचा झीरो झाला. कुठे दोनशेची रेंज मिळालीच तर खात्री करून घे, नाही मिळाली तरी सीझन अडत नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी, थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते ते बघ. हरणावर तीच जाणार आहे.

पेटी बदलू नकोस. १८० ग्रेनची स्वस्तात मिळाली म्हणून घातलीस तर झीरो पुन्हा करायला लागेल.

तुझ्या त्या चढाचं विचारलं होतंस. चढावर किंवा उतारावर मारताना गोळी थोडी वर लागते, खाली नाही, दोन्हीकडे सारखंच. अगदी तीस अंशांच्या उतारावर दोनशे यार्ड म्हणजे गोळीच्या हिशेबाने पावणेदोनशेच्या आत. दोनशेच्या झीरोवर फरक इंचभराचा. सोड त्याचा नाद.

बाकी तू शिकारीच्या कोर्समध्ये शिकलाच असशील: डोकं, छाती, पाठ मिळून अडीचशे चौरस इंच नारिंगी कपडा. तुझी बोल्ट ॲक्शन आहे ते बरं, इथे हरणाला सेमी-ऑटो, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, रायफल चालत नाही. सीझन नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. त्याच्या आदल्या आठवड्यात रेंजवर जत्रा असते, तेव्हा ऑक्टोबरातच उरक.

पुढच्या शनिवारी इकडे ये. पिशव्या माझ्याकडे आहेत, कान झाकायचे मफ दोघांचे आहेत. वहिनींना नमस्कार, पोराला सांग काका विचारत होता.

तुझाच,
बाळ्या

ता.क. ती टू-टू खारींसाठी काढणार असशील तर पन्नास यार्डांवर झीरो कर. शंभरावर तिची गोळी सहा इंचांहून जास्त खाली पडते, तेव्हा लांबच्या फांदीवर नेम धरून पेटी संपवू नकोस. आणि येताना ३०८ ची तीच १५० ग्रेनची पेटी आण, सीझनला वापरणार आहेस ती.