भूक परत लागली तेव्हा ज्यांनी ऐकून घेतलं, त्या आहारतज्ज्ञ मॅडमना

आदरणीय मॅडम,

पुढच्या तपासणीला येताना हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. तरी ते असं उघडपणे लिहितेय, कारण तुमच्या खोलीबाहेर नंबरची वाट बघत बसलेल्या आम्हा पेशंटमध्ये एक विषय सहसा निघत नाही. किती किलो उतरले ते सगळे सांगतात. शुगरची गोळी बंद झाली, जिना चढताना धाप लागत नाही, जुने कपडे अंगावर लोंबायला लागले, हे सगळं हौसेने सांगतात. पण 'मला पुन्हा भूक लागायला लागलीय' हे कुणी सांगत नाही आणि सांगितलंच तर हळू आवाजात, इकडेतिकडे बघून. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भूक लागली म्हणजे त्याने काहीतरी बिघडवलं, असा समज आमच्या मनात घट्ट बसलेला असतो. माझ्या मनातून तो तुम्ही काढलात. म्हणून आभारही चारचौघांत मानतेय.

ऑपरेशनच्या आधी सर्जननी जठराचं चित्र काढून मला सगळं समजावलं होतं. स्लीव्ह म्हणजे माझ्या या ऑपरेशनमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि मागे एक अरुंद नळी उरते, एवढं कळलं होतं. माझा हिशोब सरळ होता: जागा कमी, म्हणजे खाणं कमी, म्हणजे वजन कमी. मग मी तुमच्याकडे आले. तुम्ही तेच चित्र पुढ्यात घेऊन जठराच्या वरच्या, घुमटासारख्या भागावर पेन ठेवलंत. भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः इथे तयार होतं, जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 साली शोधून काढलं आणि स्लीव्हमध्ये नेमका हाच भाग निघून जातो, असं तुम्ही सांगितलंत. शिवाय अन्न आतड्यात लवकर उतरतं, आणि पोट भरल्याचं कळवणारी जीएलपी-1 आणि पीवायवाय ही संप्रेरकं तिथून जास्त स्रवायला लागतात. भूक आणि तृप्ती या दोन्ही बाजूंनी शरीराचं बोलणं बदलतं, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

पण मला हलवून सोडलं ते त्यापुढच्या बोलण्याने. नुसतं खाणं कमी करून वजन उतरवलं की शरीर घ्रेलिन वाढवतं, असं तुम्ही म्हणालात. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आहार कमी करून ज्यांनी साधारण 17 टक्के वजन घटवलं, त्यांच्या रक्तातलं दिवसभराचं घ्रेलिन 24 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं होतं. चरबी घटली की तिच्यातून स्रवणारं, साठा पुरेसा असल्याचं मेंदूला कळवणारं लेप्टिन हे संप्रेरकही खाली येतं आणि मेंदू समजतो की उपासमार सुरू झालीय; मग तो माणसाला अन्नाकडे ढकलत राहतो.

मॅडम, मी तेव्हा काही बोलू शकले नाही, ते आज लिहिते. 'खादाड' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. प्रत्येक डाएट संपत आलं की जी भूक उसळून यायची, ती माझ्या स्वभावातली खोट आहे असं मी धरून चालले होते. माझ्यावर माया करणारी माणसंसुद्धा तसंच धरून चालली होती. तुम्ही शांतपणे एक आकडा पुढे ठेवलात. ती भूक रक्तात मोजता येते, इतर माणसांच्या रक्तातही मोजली गेली आहे, हे कळल्यावर माझ्या छातीवरचं किती वर्षांचं ओझं उतरलं ते वजनकाट्यावर कधीच दिसलं नसतं.

त्याच भेटीत माझ्या फाइलच्या मागच्या पानावर तुम्ही लिहून दिलंत: सुरुवातीला भूक जवळजवळ नाहीशी होईल, पुढे ती परत येईल, आली की घाबरायचं नाही, फोन करायचा.

ऑपरेशननंतर भूक गेली. खरंच गेली. आधी नुसती पाण्यासारखी पेयं, मग दाट द्रव, मग घोटलेलं, मग मऊ, असे टप्पे चालू होते आणि पोटातून काही म्हणजे काही मागणी नव्हती. जेवणाची वेळ घड्याळाने सांगावी लागायची. सगळे म्हणत होते, किती नशीबवान आहेस. मला मात्र फार एकटं वाटत होतं. अन्नावरची वासनाच उडाली होती. ज्या वासाने पूर्वी तोंडाला पाणी सुटायचं त्याने मळमळायला लागलं होतं. घरातली माणसं जेवायला बसली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे. हे तुम्हाला सांगताना मी रडले, आणि तुम्ही मला घाईने गप्प केलं नाहीत. इतकी वर्षं सोबत असलेली गोष्ट अचानक गेली तर दुःख होणारच, असं म्हणालात. त्या दिवसांत असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात.

त्याच वेळी तुम्ही खंबीरही राहिलात. भूक नाही म्हणून गरज नाही असं शरीर मानत नाही, हे तुम्ही मला पुन्हा पुन्हा बजावलंत. दिवसाला निदान 60 ग्रॅम प्रथिनं, तीही ताटातली पहिली; पाणी दिवसभर घोट घोट, दीड लिटरच्या खाली नाही, पण जेवताना नाही आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर. केस गळायला लागले तेव्हा तुम्ही आधी माझी प्रथिनांची वही मागितलीत आणि झपाट्याने वजन उतरताना हे बहुतेकांना होतं, पुन्हा उगवतात, असा धीर दिलात. उगवले.

आणि मग एका सकाळी पोटात कावळे ओरडले. जुना, ओळखीचा आवाज. आनंद व्हायच्या ऐवजी मला घाम फुटला. जठर ताणलं गेलं, ऑपरेशन वाया गेलं, आता सगळं वजन परत येणार, असे विचार एकामागून एक येत गेले. फाइलचं मागचं पान उघडलं आणि फोन लावला. तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात ते आठवतं? 'बरं झालं, वेळेवर आली.' अनेकांना सहा महिने ते वर्षभरात भूक पुन्हा जाणवायला लागते, शरीर सावरतंय, असं तुम्ही सांगितलंत. मी ते वाक्य त्या दिवशी मनात किती वेळा म्हटलं असेल.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी ऋणी राहिले असते. पण तुम्ही त्या भुकेची चौकशी केलीत, एखाद्या दुखण्याची करावी तशी. कधी लागते? खाल्ल्यावर किती वेळाने? आधी काय खाल्लं होतं? जळजळते का? झोप किती झाली? मला वाटत होतं भूक म्हणजे भूक, एकच. तुमच्या प्रश्नांमधून ती वेगवेगळी होत गेली.

पहाटे जागं करणारी, पोटात कुरतडल्यासारखी जी भूक होती, ती मुळी भूक नव्हती, आम्ल होतं. स्लीव्हनंतर आम्लाचा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि तो हुबेहूब भुकेसारखा वाटू शकतो. खाल्लं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून माणूस खात राहतो. तुम्ही सर्जनना कळवलंत, आम्लाची गोळी पुन्हा सुरू झाली, आणि ती पहाटेची भूक थोड्याच दिवसांत थांबली. कुणी मला 'मन मार' असा सल्ला दिला असता, तर मी महिनोन्‌महिने पहाटे उठून जळणाऱ्या पोटाशी भांडत बसले असते. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी कुणाला अशी भूक लागत असेल तर त्यांनी स्वतःला दोष देण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

गोड पेय प्यायल्यावर दोनेक तासांनी हात थरथरून जी भूक लागायची ती साखर एकदम चढून खाली पडल्यामुळे होती. गोड पेय थांबलं, तीही थांबली. काही वेळा नुसती तहान असायची.

मग उरली खरी भूक. तिच्यासाठी तुम्ही मला एक साधा प्रश्न दिलात: समोर उकडलेलं अंडं ठेवलं तर आत्ता खाशील? उत्तर हो आलं तर भूक पोटाची आहे, आणि तिला खायला द्यायचं. मला हे शेवटचे शब्द ऐकायची सवयच नव्हती. आयुष्यभर मला भूक दाबायला शिकवलं गेलं; तिला वेळेवर, नीट, प्रथिनांनी आणि सावकाश खाऊ घालायचं, हे शिकवणाऱ्या तुम्ही पहिल्या. बिस्किटासारखे विरघळणारे पदार्थ नळीतून चटकन खाली सरकतात, पोट भरल्याची जाणीवच होत नाही आणि तासाभरात पुन्हा हात डब्याकडे जातो. अंडं, दाट दही, नीट चावून खाल्लेलं घट्ट अन्न मात्र थांबतं. हे कळल्यावर 'सारखी भूक लागते' ही माझी तक्रार निम्म्याने कमी झाली. उचकी येणं, नाक वाहू लागणं, छातीत मधोमध दाब वाटणं या माझ्या थांबायच्या खुणा आहेत, हेही तुम्हीच ओळखायला लावलंत. आता पहिली उचकी आली की मी चमचा खाली ठेवते.

स्वयंपाक करताना चव बघायची, मुलांच्या ताटात उरलेलं उचलून तोंडात टाकायचं, याबद्दल तुम्ही विचारलंत तेव्हाही तुमच्या आवाजात पोलिसी तपास नव्हता. फक्त म्हणालात, दिवसभर येता-जाता खात राहिलं की भूक नीट लागतही नाही आणि नीट भागतही नाही.

संध्याकाळच्या भुकेचं मात्र वेगळं होतं. घर शांत झालं की ती यायची. अंडं नको असायचं तिला. तिला मनाची भूक म्हणतात हे मला माहीत होतं आणि ती खोटी असते असंही मी ऐकलेलं होतं. तुम्ही तिला खोटी म्हटलं नाहीत. तिला काय हवंय ते ताटात मिळणार नाही एवढंच म्हणालात, आणि समुपदेशकांचा नंबर दिलात. ऑपरेशन पोटाचं झालंय, बाकीचं अजून करायचं आहे, आणि ते एकटीने करायची गरज नाही, असं तुम्ही सांगितल्यामुळे मी तिकडे गेले. तिथे काय बोलणं झालं ते या पत्रात नको. पण ती संध्याकाळची भूक आता आली तरी मला तिच्याशी बसता येतं.

तुमच्या पेशंटच्या गटातल्या एका ताईंची भूक माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा जास्त परत आली. त्या दिवशी त्या मान खाली घालून बसल्या होत्या. तुम्ही सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलंत की ऑपरेशन एकच असलं तरी प्रत्येकाची संप्रेरकं वेगळी वागतात, पहिली एक-दोन वर्षं झाल्यावर थोडं वजन परत येणं पुष्कळांच्या बाबतीत घडतं, आणि भूक फारच वाढली तर जीएलपी-1 सारखी काम करणारी औषधं आहेत. ती घेणं म्हणजे हरणं नव्हे. त्या ताईंनी मान वर केली. मला वाटतं तुमचं निम्मं काम असं चालतं, आणि ते कुठल्याच रिपोर्टमध्ये लिहिलं जात नाही.

माझ्या नवऱ्याला आणि सासूबाईंना तुम्ही बोलावून घेतलंत, त्याबद्दलही मनापासून आभार. 'एवढंसं खाऊन कसं भागतं' आणि 'आता परत कशी भूक लागते' हे दोन्ही प्रश्न एकाच घरात, एकाच आठवड्यात विचारले जात होते. दोघांनाही तुम्ही तेच जठराचं चित्र दाखवलंत. त्यानंतर सासूबाई माझ्या जेवणाच्या वेळी घरात कुणाला मला हाक मारू देत नाहीत, कारण मला सावकाश खायला अर्धा तास लागतो हे त्यांना पटलंय.

नव्या पेशंटशी बोलायला याल का, असं तुम्ही मागे विचारलं होतं. येईन. वजनाचं विचारतील तर सांगेन, पण मला बोलायचं आहे ते भुकेबद्दल, आणि फाइलच्या त्या मागच्या पानाच्या प्रती काढून आणते. रक्ताचे रिपोर्टही सोबत आणतेय. या वेळी लोह थोडं कमी आलंय, तेवढं बघून द्या.

तुमची,
एक पेशंट