पिवळे प्लॅस्टिक उजळवा, पण ब्लीचने नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुने गेम कन्सोल, लेगोच्या विटा, लहानपणच्या गाड्या जपणाऱ्यांना एक दुःख चांगले ठाऊक असते. मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली पांढरीशुभ्र वस्तू काही वर्षांनी काढावी, तर ती हळदीने माखल्यासारखी दिसते. मग कपड्यांच्या ब्लीचची बाटली निघते. ती निघू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

हा पिवळेपणा म्हणजे मळ नव्हे, म्हणून घासून तो जात नाही. अशा बऱ्याच वस्तू एबीएस प्लॅस्टिकच्या असतात. लेगोच्या विटाही १९६३ पासून त्याच्याच. त्यातला ब्युटाडाईन हा रबरी घटक अतिनील किरण, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन यांनी बिघडतो. उष्णता आणि हवा पेटीतही पोचते, त्यामुळे बंद ठेवलेली वस्तूही सुटत नाही. क्लोरीनचे ब्लीच इथे कामाचे नाही.

कामाचे आहे ते हायड्रोजन पेरॉक्साइड. जुन्या संगणकांच्या चाहत्यांनी २००८ च्या सुमारास ही रीत ‘रेट्रोब्राइट’ नावाने रूढ केली. मी आधी केसांना लावायचे १२ टक्के पेरॉक्साइडचे क्रीम फासले. ते जिथे वाळले तिथे पांढरे ढग उमटले, आणि ते आजही तसेच आहेत. त्यानंतर मी औषधाच्या दुकानातले ३ टक्क्यांचे द्रावणच वापरतो. वस्तू उघडून स्क्रू, स्प्रिंगा, सर्किट बाजूला काढायचे, प्लॅस्टिकचे भाग साबणाने धुवायचे, पारदर्शक डब्यात पूर्ण बुडवून उन्हात ठेवायचे. पृष्ठभागावर बुडबुडे चिकटून राहिले तर ठिपके पडतात, म्हणून अधूनमधून हलवायचे. दोन-तीन दिवस लागले तरी चालेल. झाकण मात्र घट्ट लावू नये, आत ऑक्सिजन साठत जातो. हातमोजे आणि संरक्षक चष्मा हवाच. व्हिनेगर किंवा ब्लीच त्यात कदापि मिसळू नये, आणि मुलांना या कामाजवळ येऊ देऊ नये.

एवढे करूनही प्लॅस्टिक पुन्हा तरुण होत नाही. ठिसूळपणा आहे तसाच राहतो, आणि बऱ्याचदा काही वर्षांत पिवळेपणा परत येतो. म्हणून दुर्मिळ वस्तूला हात लावण्याआधी दहादा विचार करावा. विकताना तर ‘ही उजळवलेली आहे’ हे घेणाऱ्याला आधी सांगावे. न सांगता मूळ रंगाच्या भावाने विकणे ही मला सरळ फसवणूक वाटते.

माझ्याकडचा एक कंट्रोलर मी पिवळाच ठेवला आहे. त्याच्या पाठीवर धाकट्या भावाने शाळेत असताना पेनाने आपले नाव लिहिले होते. पेरॉक्साइडने ती शाई उडाली असती.

आपला,
एक संग्राहक वाचक