सिनसिनाटीची चिली, पुण्याच्या गॅसवर

ह्यूस्टन, १८ नोव्हेंबर

प्रिय मेधा,

लहानपणी काकू करायच्या ती चिली, म्हणजे राजम्याचा तो दाट अमेरिकी रस्सा, पुण्यात कशी करायची असं तू विचारलंस. काकूंनी "अंदाजाने घालायचं गं" यापलीकडे काही सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. पण तुझ्या पत्रात तीन खुणा आहेत आणि लहानपणची ती चिली पकडायला त्या पुरेशा आहेत: दालचिनीचा वास, दाताखाली येणारं बारीक दाणेदार काहीतरी, आणि लालभडक नसलेला, विटकरी-तपकिरी रंग.

दालचिनी हा तुझा भास नाही. तुमचं घर ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात होतं, आणि तिथली चिली अख्ख्या अमेरिकेत वेगळी. मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ भावांनी १९२२ मध्ये तिथे 'एम्प्रेस' नावाचं खाण्याचं दुकान काढलं आणि दालचिनीसारखे गोडसर मसाले घातलेला पातळ खिमा स्पगेटीवर वाढायला सुरुवात केली. वर बारीक किसलेल्या चेडर चीजचा ढीग, आणि हवा असेल तर कांदा आणि राजमा. म्हणजे तिथे राजमा वरून येतो. काकूंनी खिमा वगळून त्यालाच आत घेतलं. इथे टेक्सासात हे बोलायची सोय नाही. १९७७ पासून चिली हा राज्याचा अधिकृत पदार्थ आहे आणि पक्क्या टेक्सन माणसाला तिच्यात राजमा दिसला की त्याचं तोंड वाकडं होतं. होऊ दे.

एकच गोष्ट सांभाळ: हिचा पंजाबी राजमा होऊ देऊ नकोस. आलं, हळद, धनेपूड, गरम मसाला काहीही नको. हात सवयीने डब्याकडे जाईल, म्हणून डबा समोर ठेवूच नकोस. या चिलीची सगळी चव जिरं, ओरेगानो आणि सुक्या मिरचीच्या गरावर उभी असते.

चौघांसाठी २५० ग्रॅम लाल राजमा १० ते १२ तास भिजव, भिजवताना चमचाभर मीठ घाल, म्हणजे सालं मऊ होतात. ते पाणी फेकून दे. ताज्या पाण्यात कुकरला एक शिट्टी आणि मग बारीक गॅसवर वीस मिनिटं. दाणा दोन बोटांत दाबला की आत कणी न लागता चपटा व्हायला हवा. तसा झाला नसेल तर पुढे जाऊच नकोस, कारण टोमॅटोच्या आंबटपणात कच्चा दाणा कितीही शिजवला तरी मऊ होत नाही. राजमा जुना असला किंवा पाणी बोअरचं, जड असलं तरी हीच रड. अशा वेळी सोड्याची अगदी छोटी चिमूट चालते. जास्त झाला तर राजम्याचं पिठलं होतं आणि साबणासारखी चव येते. आणि स्लो कुकर घेतलाच असशील तर कच्चा राजमा त्यात थेट टाकू नकोस. राजम्यातलं विषारी द्रव्य खळखळून उकळल्यावरच मरतं, मंद आचेवर ते तसंच राहतं आणि रात्रभर उलट्या होतात.

आता मिरची. अमेरिकेत बाटलीत मिळणारी 'चिली पावडर' म्हणजे आपलं लाल तिखट नव्हे. तिच्यात मिरचीबरोबर जिरं, ओरेगानो, लसूण हे सगळं असतं. काकू दोन-तीन मोठे चमचे घालत असतील आणि तुला तिखट लागत नसेल, त्याचं कारण हे. पुण्यात ब्याडगी घे. सात-आठ मिरच्यांच्या बिया काढ, मिरच्या कोरड्या तव्यावर नुसत्या गरम कर (काळ्या पडल्या तर कडू), मग चार काळ्या मनुकांबरोबर गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून बारीक वाट आणि गाळून घे. मनुका चेष्टा म्हणून नाही लिहिल्या. तिकडच्या आंचो मिरचीला मुळातच सुक्या मेव्यासारखी गोडी असते, ब्याडगीला ती नसते.

जाड बुडाच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल. दोन कांदे बारीक चिरून कडा तपकिरी होईपर्यंत परत, दहा-बारा मिनिटं तरी. पुढचा रंग इथेच ठरतो. सहा पाकळ्या लसूण, एक ढोबळी मिरची. मग आच कमी करून दोन लहान चमचे जिरेपूड आणि एक लहान चमचा ओरेगानो, जेमतेम अर्धा मिनिट. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या वापरू नकोस, त्यांत बहुधा मीठ आणि इतर मसाले मिसळलेले असतात. त्यावर मिरचीचं वाटण, तेल सुटलं की ४०० ग्रॅम टोमॅटो. टोमॅटो आळला की राजमा, त्याचंच दोन कप पाणी, इंचभर दालचिनी, मीठ. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर चाळीस मिनिटं. अर्ध्या वाटेवर दालचिनी काढून टाक, नाहीतर तीच तेवढी उरते.

ते दाणेदार म्हणजे माझ्या मते दलिया. शाकाहारी चिलीत खिम्याच्या जागी बल्गर, म्हणजे उकडून वाळवलेला भरड गहू, घालायची तिकडे पद्धत होती. आपला दलिया कच्चा असतो, म्हणून तीन मोठे चमचे खमंग भाजून राजम्याबरोबरच टाक आणि अर्धा कप पाणी वाढव. सोयाचा चुराही असू शकेल, पण तो चघळावा लागतो, आणि तू "बारीक" लिहिलं आहेस.

शेवटी डावभर राजमा ठेचून रस दाट कर. कॉर्नफ्लोअर अजिबात नको, चायनीज सूपसारखा बुळबुळीत चकाकपणा येतो. अर्धा चमचा बिनसाखरेची कोको पावडर, चमचाभर व्हिनेगर, चव बघून गुळाचा खडा. तपकिरी रंग कांद्याचा आणि या कोकोचा. गॅस बंद करताना थोडी पातळच वाटू दे, निवल्यावर दलिया पाणी ओढतो.

खरी चव दुसऱ्या दिवशी. पण रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस, आंबेल. निवली की लगेच फ्रिजमध्ये. वाढताना कच्चा कांदा, किसलेलं चेडर आणि तिकडच्या गोल क्रॅकर्सऐवजी कुठलीही खारी बिस्किटं चुरून. स्पगेटी तुझ्या मर्जीवर, मला ती चिखलासारखी वाटते.

काकूंना फोनवर एवढंच विचार: दलिया की सोया? आणि लवंग घालायच्या का? घालत असतील तर दोनच घाल, आणि मला कळव.

तुझी,
वंदू