चोपडा-जळगाव एसटीतल्या त्या सगळ्यांचे जाहीर आभार

एसटीत माझ्या मुलाला आकडी आली तेव्हा जे धावून आले, त्यांची नावं विचारायचं भान आम्हाला नव्हतं. म्हणून इथे लिहितोय.

पोराला फ्ल्यू होता. ताप, खोकला, एवढंच. पण त्या सकाळी तो आईला ओळखेना, काहीबाही बरळू लागला, म्हणून जळगावला निघालो. विदगावच्या तापी पुलाच्या अलीकडे हातपाय ताठ झाले. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल पुढे केली (आपल्याकडे हे व्हायचंच!). मागच्या सीटवरच्या ताईंनी सगळ्यांना बाजूला केलं. त्याला कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, तोंडात चमचा घालू दिला नाही आणि घड्याळाकडे बघत बसल्या. आकडी किती वेळ होती, हे डॉक्टरांनी पहिलंच विचारलं. ताईंमुळे सांगता आलं.

ड्रायव्हरदादा, तुम्ही गाडी थेट दवाखान्याशी नेलीत, एकही प्रवासी कुरकुरला नाही.

इन्फ्लुएन्झात, म्हणजे फ्ल्यूत, क्वचित मेंदूला सूज येते, लहान मुलांत विशेष. बऱ्याचदा विषाणू मेंदूत सापडतही नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच भडकलेली असते. पोराचं तसंच झालं होतं. तपासायला पाठीतून पाणी काढलं, एमआरआय झाला, ऑसेल्टामिविर हे फ्ल्यूचं औषध सुरू झालं. आता पोरगा शाळेत जातोय. जरा चिडचिडा झालाय, पण डॉक्टर म्हणतात, वेळ द्या.

आणि केळीवाले आबा, "ठेव रे भो, पोराले पाहाय" म्हणत तुम्ही खिशात नोटा कोंबल्या. त्या परत करायच्या आहेत. हे वाचलंत तर कळवा.