चौकातल्या मिगला झगमगाट नको

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ हे लढाऊ विमान हवाई दलातून निवृत्त झाले. नाशिकजवळच्या ओझरला बांधणी झालेली ही विमाने आता आणखी चौकांत उभी राहतील. तेव्हा प्रकाशयोजनेचा विचार चौथरा बांधण्याआधीच व्हावा.

नेहमीची चूक म्हणजे समोरून मारलेले दोन मोठे फ्लडलाइट. त्याने विमान सपाट दिसते आणि वाहनचालकांचे डोळे दिपतात. पंखांचा विस्तार जेमतेम ७.१५ मीटर, त्याला १५ ते २० अंशांच्या झोताचे, डोळ्यांवर चमक येऊ न देणाऱ्या जाळीदार झडपांचे सहा-आठ एलईडी दिवे पुरतात. झोत बाजूने, तिरका सोडावा, म्हणजे नळकांड्यासारख्या धडाची गोलाई उठून दिसते. त्रिकोणी पंखाची सावली शेपटीवर पडते, म्हणून शेपटीला वेगळा दिवा हवा.

जमिनीत पुरलेले दिवे पावसाळ्यात दगावतात. दिवा आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी रोखणाऱ्या दर्जाचा, असूनही पाणी केबलच्या सांध्यातून शिरते. खाली खडीचा थर, निचऱ्याची नळी आणि जेल भरलेला सांधा, एवढे केले तरच ते टिकतात.

विमानाला भोके पाडून दिवे बसवणे तर थांबवाच! अॅल्युमिनियमला साधा पोलादी स्क्रू लागला, की ओल धरून पत्रा भोकाभोवती खातो. पंखटोकांचे दिवे लावायचे असतील तर मूळ जागीच, कमी व्होल्टेजचे: वैमानिकाच्या डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. ते उलटे लागलेले पाहवत नाहीत.

– एक प्रकाशयोजनाकार, नाशिक