मॅडम, तुम्ही थांबलात

आदरणीय मॅडम,

निकाल लागला, पदवी हातात आली, आणि आता जो तो विचारतोय, "फ्रेंच करून मिळालं काय?" या प्रश्नाचं माझं उत्तर तुमच्यापासून सुरू होतं. म्हणूनच हे पत्र चारचौघांत लिहितेय.

शेवटच्या वर्षापर्यंत आम्ही फ्रेंच शिकलो ते परीक्षेपुरतं. नोट्स उतरवून घ्यायच्या, क्रियापदांची रूपं घोकायची, संपलं. तोंडीच्या तासाला कुणी अडखळलं की आधीचे एक सर स्वतःच वाक्य पुरं करून पुढच्या बाकाकडे वळायचे. त्यांचा वेळ वाचत असेल, आमचं तोंड मात्र उघडेनासं झालं. "तुमचं मत कोणी विचारलंय? पुस्तकातलं लिहा," हेही ऐकून घेतलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि मग तुमच्या तासाचं माझं पहिलं एक्स्पोझे, म्हणजे वर्गासमोरची तोंडी मांडणी. 'ब्यँ क'ने, म्हणजे 'जरी'ने, वाक्य सुरू केलं, पुढे क्रियापदाचं सबजंक्टिव्ह हे वेगळं रूप हवं होतं आणि ते काही केल्या आठवेना. वर्गात चुळबूळ सुरू झाली. मागून कुणीतरी रूप पुटपुटलं, त्याला तुम्ही हातानेच गप्प केलंत. पेन खाली ठेवलंत, वही मिटलीत आणि माझ्याकडे बघत थांबलात. कपाळावर आठी नाही, घड्याळाकडे नजर नाही. शेवटी रूप आलं, वाक्य पुरं झालं. व्याकरणाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. विचारलंत ते एवढंच, "पण लेखिकेचं हे म्हणणं तुम्हाला पटतं का?"

मॅडम, तोवर मला फ्रेंचमध्ये विचारले गेलेले सगळे प्रश्न उत्तर आधीच ठाऊक असणाऱ्यांचे होते. तुम्हाला माझं उत्तर खरोखर ऐकायचं होतं. पुढचं सगळं वर्ष माझ्यासाठी त्या प्रश्नातून उलगडत गेलं.

सँतेझचंच घ्या. दाल्फ सी-१ या वरच्या पातळीच्या फ्रेंच परीक्षेच्या धर्तीवर तुम्ही दोन-तीन लेख हातात द्यायचात, मिळून हजारेक शब्दांचे. त्यांचा सार साधारण २२० शब्दांत, आपल्या भाषेत, आणि स्वतःचं मत एका विशेषणातूनही डोकावता कामा नये. सुरुवातीला ही शिक्षाच वाटायची. पण न पटणाऱ्या माणसाचं म्हणणं मोडतोड न करता मांडायची सवय मला तिथे लागली, आणि ती फ्रेंचच्या बाहेरही रोज उपयोगी पडते. स्वतःचं मत दिसेर्तासियाँत, म्हणजे मुद्देसूद निबंधात, यायचं, तेही आधी प्रश्न नीट मांडून, समोरची बाजू पूर्ण ताकदीने उभी करून.

उताऱ्यांचंही तसंच. बोलण्यात जवळपास नसलेला पासे सँप्ल हा भूतकाळ आम्ही नुसता ओळखून पुढे जायचो. एकाच परिच्छेदात लेखक अँपार्फेमध्ये, म्हणजे चालू राहिलेल्या गोष्टींच्या भूतकाळात, रेंगाळतो आणि एका क्रियापदाला पासे सँप्लवर येतो, तिथे गोष्ट कशी झटक्यात हलते, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. काळ हा तक्ता नाही, लेखकाचा निर्णय आहे, हे तेव्हा कळलं.

आणि फ्रेंच म्हणजे फक्त फ्रान्स, हा समजही तुम्हीच मोडलात. १६३५ साली स्थापन झालेल्या, फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या आकादेमी फ्राँसेझवर २००५ मध्ये अल्जीरियाच्या लेखिका आसिया जेबार निवडून आल्या, हे सांगताना तुमचा आवाज किंचित चढला होता. वसाहतीसोबत आलेली भाषा एखादी बाई आपली करते आणि तिच्यातून आपल्या माणसांबद्दल लिहिते, हे समजून घ्यायला पहिल्या वर्षाचं फ्रेंच पुरलं नसतं.

हुशार शिक्षक बरेच भेटतात. ज्याला समोरच्याचं म्हणणं पूर्ण ऐकायचं असतं, असा माणूस विरळा. अशी माणसं कुठेही असोत, वर्गात, कचेरीत, घरात, त्यांच्यामुळे आजूबाजूची माणसं बोलती होतात. याची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत होत नाही, म्हणून निदान मी इथे करून ठेवते.

मनापासून आभार, मॅडम. मेम्वारची, म्हणजे माझ्या प्रबंधाची, बांधलेली प्रत घेऊन लवकरच येतेय. दुसऱ्या प्रकरणाचा निष्कर्ष तुम्हाला पटलेला नाही, हे ठाऊक आहे. मी अजून त्यावर ठाम आहे, आणि वाद फ्रेंचमध्येच घालणार आहे.

तुमची विद्यार्थिनी